फोटोपुरतं कुंकू

ता. सेनगाव,
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप रागिणीवहिनींना अंगदचा नमस्कार.

तुम्ही शिरड शहापूरला सुखरूप पोचल्याचं तुमच्या भावाने कळवलं. साधनाचा खोकला कमी झाला का? तिची चित्रकलेची वही इथेच राहिलीय. मी फोन केला की तुम्ही "सगळं बरं आहे" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहायला बसलो. पाकिटावर नावाच्या आधी काय लिहायचं यावरच बराच वेळ अडलो. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

इकडे तूर फुलावर आलीय. तुमची काळी शेळी व्याली, आई दिवसभर पिलांच्या मागे असते. लगीनसराईमुळे दुकानात प्रिंटरला उसंत नाही. आणि आपलं पोस्टर फार गाजलं, वहिनी. शेजारच्या गावांनीही मागवलं. विधवांच्या कुंकवावर इतकं चांगलं पोस्टर कुणी केलं नव्हतं, असं ग्रामसेवक सगळ्यांना सांगत सुटलेत. लाल रंग छपाईत विटकरी येत होता. तुमच्या कपाळावरचा लाल जसाच्या तसा उतरेपर्यंत मी पुन्हा पुन्हा छापून पाहिलं. खालची अक्षरंही माझीच, 'कुंकू तिचं आहे. ते पुसू नका.' लोक पाठ थोपटून जातात आणि मला दुकानाचं शटर ओढून घ्यावंसं वाटतं.

उद्घाटनाच्या दिवसाबद्दल लिहायचं टाळतोय, हे तुम्ही ओळखलं असेलच.

आपल्या ग्रामपंचायतीसमोर पोस्टरवरचा पडदा सरकवला तेव्हा तुम्ही बायकांमध्ये मागे बसला होतात. गोजरबाई वळून म्हणाल्या, "पोस्टरात तर लई उठून दिसून राहिली. मंग आता कपाळ रिकामं काहून गं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी जवळच होतो. मी पोस्टरची दोरी पुन्हा बांधायला लागलो. दोरी चांगली घट्ट होती, वहिनी. शेवटी तुम्हीच म्हणालात, "ते फोटोपुरतं व्हतं." दुसऱ्या दिवशी साधनाला घेऊन एसटीत बसलात.

खरं उत्तर मला देता आलं असतं. फोटोच्या दिवशी दुकानात पांढऱ्या पडद्यापुढे, मोबाइलमध्ये बघून तुम्ही कुंकू लावलंत. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. मी काय म्हणालो? "थोडं मोठं लावा, लांबून दिसलं पाहिजे." फोटो झाल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "भाऊजी, आता ठेवू का पुसू?"

मी शाई पुसायचं फडकं पुढे केलं. म्हणालो, "पुसा. आई बघेल."

आईचं नाव घेतलं की मी सुटलो, असं वाटलं होतं. परवा तीच दुकानात आली. भिंतीवरच्या पोस्टरपुढे उभी राहिली. ती कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "लेकराचं तोंड कसं भरल्यावानी दिसून राहिलं. घरी काहून लावत न्हाई रं ती?" मी प्रिंटरकडे वळलो. "मी कवा नको म्हणलं? मला कुनी इचारलं व्हय?"

मग मी तिला सगळं सांगितलं, फडक्यासकट. तिच्यासाठी चहा मागवला होता. तो न घेताच ती निघून गेली.

आईला काही अडचण नव्हती. भीती मला होती. चौकात चार जण म्हणतील, अंगदच्या घरची विधवा बघा कशी नटून हिंडते. पोस्टर छापताना ही भीती वाटली नाही, कारण ते दुसऱ्यांच्या सुनांसाठी होतं. मला फार लाज वाटते. तुमच्याच चेहऱ्याखाली मी लोकांना शहाणपण शिकवलं आणि तुम्हाला मात्र पुसायला लावलं.

परत या, असं सांगायला मला तोंड नाही. रविवारी आई तुमच्याकडे येतेय. कुंकवाची डबी तिने पदराला बांधून ठेवलीय. मी तिला सोडायला येईन आणि बाहेर रस्त्यावरच थांबेन. लावायचं की नाही, यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही एकटीने. ठेवू का पुसू, हे मात्र पुन्हा कुणालाही विचारू नका.

साधनाची वही सोबत आणतो.

फडकं पुढे करणारा,
तुमचा भाऊजी
अंगद