पुढची खोली नातीच्या अक्षरांसाठी

मी, बालवाडीतून निवृत्त झालेली शिक्षिका, मुलांच्या तोंडी 'थोरल्या बाई', हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. शरीराने हात टेकले आहेत, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला जोडला आहे. चिरंजीवांना शंका असल्यास त्यांनी तो मोठ्याने वाचावा.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलाची. मात्र नात स्वतःहून वाचू लागेपर्यंत पुढची खोली विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि अडगळीने भरायची तर मुळीच नाही.

२. नातीला सुनेच्या भावाच्या क्लासमधून काढावं. तिथे बाई ओळ म्हणतात, मुलं बोट फिरवत तीच ओळ घोकतात आणि पालकसभेत पुस्तक धरून घडाघडा म्हणून दाखवतात. टाळ्या पडतात. मी बोलले तर सूनबाई म्हणाली, "आई, माझ्या माहेरचं तुम्हाला कधी काही चांगलं दिसलंय का?" तुझा भाऊ भला माणूस आहे गं. पण पोरीला वाचता येत नाही.

३. वाळूची परात, खरखरीत कागदाची अक्षरं आणि चित्रांचा डबा आमच्या बालवाडीतल्या धाकट्या बाईंना द्यावा. संस्थाचालकांचे कान भरून तिने माझी खुर्ची मिळवली. मी तिला माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण मुलाशेजारी मांडी घालून बसण्याचा तिच्याइतका धीर मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही. अक्षर वाळूत गिरवायचं, त्याचा आवाज काढायचा, त्या आवाजाने सुरू होणारी वस्तू घरात शोधायची. चुकलं तर परात हलवायची, की चूक गेली. हे तिला मीच शिकवलं. तिने पुढच्या खोलीत येऊन नातीला असंच शिकवावं, हा निरोप मुलाने स्वतः जाऊन द्यावा. ती नाही म्हणाली तर पुन्हा जावं.

४. एवढी अजिजी का, तेही लिहिते. परवा मी नातीपुढे कोरा कागद ठेवला आणि म्हटलं, वाच. तिने त्यावर बोट फिरवत मांजरीची अख्खी गोष्ट म्हटली आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बाळा, इथे काहीच लिहिलेलं नाही." तिचा चेहरा एवढासा झाला. तेव्हापासून ती माझ्या खाटेजवळ फिरकत नाही. माझा जीव तुटतो, पण तिला पहिल्यापासून शिकवण्याइतके दिवस माझ्याकडे उरलेले नाहीत. धाकटे, तुझ्यापुढे मी कधी हात पसरला नव्हता. आज पसरते आहे.

सही: थोरल्या बाई
ठिकाण: राहतं घर
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे

साक्षीदार: डॉक्टरीणबाई
साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका

(शिंपीकाकांच्या हातचं: मजकूर वाचून होईपर्यंत पोरगी दारात उभी होती. "आत ये गं, आजी बोलावतेय" म्हटलं. आली नाही.)