आता आम्हाले काय धास्ती

नागपूर, ८ जानेवारी १९७९

प्रिय गोपिका,

बंद पाकीट पाहून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. कार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं. एकटी बसून वाच, अन् सासूबाईंनी विचारलं तर सांग, ताईनं तिळगुळाला बोलावलं.

माझ्या तळहातांवर तांबूस चट्टे उठले होते वं. खाज नाही, दुखणं नाही. सोड्यानं धुणं धुते, त्याचेच असतील म्हणून आठवडाभर खोबरेल चोळलं. मग तळपायांनाही उठले, तशी धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं अन् परवा बोलावून सांगितलं, गरमीचा रोग आहे, नवऱ्याकडून आला. मी म्हटलं, बाई, असं कसं होईल, माझं तर ऑपरेशन झालं आहे! ऑपरेशननं मूल थांबते, म्हणाल्या, रोग थांबत नाही. त्याला निरोधच पाहिजे.

तुला आठवते ना, ऑपरेशनच्या शिबिरातून आल्यावर उरलेली निरोधची पाकिटं मी नर्सबाईंना परत नेऊन दिली होती? केवढ्या तोऱ्यात! म्हटलं, आता आम्हाले काय धास्ती. त्या नुसत्या हसल्या. पुढे तू तांबी बसवलीस, तेव्हा तुझी पाकिटंही मीच परत करायला लावली. आग लागो माझ्या शहाणपणाला! दिवस राहतील एवढीच भीती आपल्याला ठाऊक होती, दुसरी कोणी सांगितलीच नाही.

तुझे भाऊजी आधी साफ नाही म्हणत होते. देवाची आण घेत होते. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पुढे धरली, तशी मान खाली घातली. यंदा पहिल्यांदाच संत्र्याचे ट्रक घेऊन कलकत्त्याला गेले अन् तिथेच शेण खाल्लं. सोळा वर्षं ह्या माणसासाठी उपासतापास केले, गोपे! इतका संताप आला की हातातलं भगोनं भिंतीवर आपटलं. काल दोघांनीही पेनिसिलिनची इंजेक्शनं घेतली. वेळेवर घेतली तर बरं होते म्हणतात.

पण रडता रडता ते बोलून गेले, मी काय एकटाच होतो, चंद्रभानही होता संगं. तुझाच नवरा वं! मग स्वतःच घाबरले. जयाला ओढून आणलं, पोरीच्या डोक्यावर माझा हात ठेवला अन् तुला काही न सांगण्याची शपथ घ्यायला लावली. मी घेतली. पण चंद्रभानराव हंगाम आटोपून संक्रांतीला घरी येतील, अन् तू दसऱ्यापासून वाट पाहून राहिलीस. डॉक्टरीणबाई त्यांचं रक्त तपासून हो म्हणत नाहीत तोवर त्यांना जवळ येऊ देऊ नकोस. तांबीच्या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. आरडाओरडा केला तर खुशाल माझं नाव सांग अन् एस.टी.त बसून इकडे निघून ये. पोरीची शपथ मोडून हे लिहिलं आहे. लिहायला बसल्यापासून तीनदा उठून जयाच्या कपाळाला हात लावून आले, ताप तर नाही ना.

तुझीच,
शामलाताई