आजीची अंगठी आणि माझी मागची दाढ

नेइआफू, शनिवार सकाळ

तीर्थस्वरूप सेलोते आत्या,

तुमचा भाचा केलेपी याचा चटईवर बसून, मान खाली घालून नमस्कार. ऑकलंडच्या गारठ्यात गुडघे कसे आहेत? इथे आम्ही सगळे ठीक. डुकरं धष्टपुष्ट, तुमची भाचेसून मेलेआने तर त्याहून (हे वाक्य तिला वाचून दाखवणार नाही). नात सेला हिच्या लग्नासाठी आजीची अंगठी पाठव, असं तुमचं पत्र मिळालं. बापाच्या बहिणीने मागावं आणि भाच्याने निमूट आणून द्यावं, ही आपली रीत मला कुणी शिकवायला नको. मागच्या खेपेस तुम्ही आमचं शिवणयंत्र मागितलंत, तर मीच ते बोटीपर्यंत वाहून नेलं होतं. अंगठीकडे येतोच, पण त्याआधी दाढेचं सांगतो, कारण त्याशिवाय अंगठीचं सांगता येत नाही.

त्याचं असं झालं, चर्चच्या जेवणात पाद्रीबाबांच्या शेजारी मला बसवलं होतं. पुढ्यात भाजलेल्या डुकराचं खरपूस कातडं. पाद्रीबाबांचं भाषण सुरू झालं आणि माझ्या तोंडात कट्‌ झालं. भाषण चालू असताना थुंकायचं कसं? म्हणून दाढेचा तुकडा कातड्याबरोबर गिळला (दोन्ही सारखीच लागली). पुढे पंधरा दिवस माझे हाल कुत्रा खाईना. तुम्हाला ठाऊकच आहे, चर्चमध्ये वाद्यांशिवाय गाणाऱ्या आमच्या मंडळींत खर्ज माझ्यावर असतो. तोंड उघडून श्वास घेतला की वारा थेट दाढेत, कळ मस्तकात. एका रविवारी तर मी ‘आमेन’ इतकं कळवळून म्हटलं, की दोन म्हाताऱ्या रडल्या.

शेवटी महिन्यातून एकदा येणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई, डॉक्टर लेसिएली, यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, नुसता खड्डा असता तर आत बसवायचा तुकडा चालला असता, त्याला इनले म्हणतात. इथे कोपराच गेलाय, तेव्हा वरून झाकणारा ऑनले लागेल. मी म्हटलं, सोन्याचा करा, आणि बसवा पुढच्या दाताला.

“अहो, मोडलीय मागची दाढ.”

“पण मागे कुणाला दिसणार?”

“पुढचा दात धडधाकट आहे तुमचा. त्याला मी हात लावणार नाही.”

आता सांगा आत्या, आपल्या बेटांवर सोन्याचा दात कुणी चावायला बसवतो का? पण बाई हटेनात. दाढेचा ठसा घेतला, ठशाबरोबर सोनं राजधानीतल्या कारागिराकडे गेलं, महिन्याने दाढ चपखल बसली. हो, सोनं म्हणजे आजीची अंगठी. सांगून टाकलं एकदाचं. आता मी गाताना जबडा इतका वासतो, की गाण्याच्या मास्तरांनी मला मागच्या रांगेत उभं केलंय. पाहुणे आले की मेलेआने मला खिडकीपाशी नेते आणि म्हणते, “आ करा, दाखवा सासूबाईंच्या सासूबाईंचा दागिना.” मला हसू येतं, मग तुमची आठवण येते आणि मी तोंड मिटून घेतो. आत्या, मला माफ करा. तुमचं पत्र हाती पडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तुमचा अपराधी,
केलेपी

ता. क. उशीर झाला नव्हता. तुमचं पत्र सोनं देण्याच्या चार दिवस आधीच आलं होतं. मी ते चटईखाली सारलं. ती अंगठी बाबा मरेपर्यंत करंगळीत घालत, आणि घरात त्यांचं तेवढंच उरलं होतं. तुम्हाला ‘नाही’ म्हणण्याची माझी छाती नाही. म्हटलं, घरातलं काहीही आत्या नेतील, तोंडातलं मागायला त्यांनाही जड जाईल.

ता. क. २ तरी हक्क तुमचाच. मी मेल्यावर आपल्या रीतीप्रमाणे माझ्या उशाशी तुम्हीच बसाल, तेव्हा दाढ खुशाल काढून घ्या, सेलाला नाही तर तिच्या नातीला होईल. डॉक्टरीणबाई म्हणतात, नीट जपली तर तीस वर्षं सहज टिकेल. म्हणजे तुम्हाला एकशे आठ वर्षं जगावं लागेल. एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. बाबांच्या पाठच्या आता तुम्ही एकट्याच उरलात, आत्या. गुडघ्यांना शेक देत जा.