मेहुणेबुवांच्या गाडीची चकाकी

३ मार्च, सोमवार
मेहुणेबुवा आज दौऱ्यावर गेले. पंधराला परत. त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगचं काम चाललंय, म्हणून नवी कोरी गाडी आमच्याकडे ठेवून गेले. चावी दिली आपल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या हिच्या हातात. मी शेजारीच उभा होतो. हात पुढेही केला होता. शेवटी त्याच हाताने टाटा केला.
जाताना बजावून गेले, की कव्हर काढू नका, गाडीला कुणाला फडकंसुद्धा मारू देऊ नका. ‘कुणाला’ म्हणताना माझ्याकडे का पाहिलं, कळलं नाही.
त्यांच्या रिकाम्या गाळ्याचा विषय मी काढलाच. तिथे मला कार डिटेलिंगचा, म्हणजे गाड्या घासूनपुसून चकाचक करायचा स्टुडिओ टाकायचाय. म्हणाले, आल्यावर ठरवू. ठरवू म्हणजे ठरलंच. हिलाही तो गाळा शिवणक्लाससाठी हवाय म्हणे. पण तिने भावाला एकदाच सांगितलं, मी भेटतील तेव्हा सांगतो. तळमळ कुणाची जास्त, हे उघड आहे.

४ मार्च
कव्हर उचलून पाहिलं. फक्त उचललं, काढलं नाही. धक्काच बसला. महिन्याभराची गाडी आणि रंग पार मेलेला! राख फासल्यासारखा. बॉनेटमध्ये माझा चेहरा दिसेना. शोरूमवाल्यांनी उन्हात पडून राहिलेला माल गळ्यात मारला आणि एवढ्या मुरलेल्या व्यापाऱ्याला पत्ता नाही! मला त्यांची कीव आली. बऱ्याच वर्षांनी त्यांची कीव करायची संधी मिळाली, म्हणून जरा वेळ उभाच राहिलो.
मग सुचलं. ते परत येतील, कव्हर काढतील, आणि खाली आरसा! गाळ्याची चावी तिथल्या तिथे माझ्या हातात.
संकल्प: गाडीचा रंग दुरुस्त करणे. हिला सांगायचं नाही. सरप्राइज.

५ मार्च
गाडी घासायच्या कंपाउंडचा अभ्यास सुरू. विषय खोल आहे. अडाणी माणसाला वाटतं, पॉलिश म्हणजे पॉलिश. तसं नसतं. कटिंग कंपाउंड दाणेदार, ते ओरखड्यासकट रंगाचा वरचा थर खरवडतं. मीडियम त्या खरवडीचे व्रण घालवतं. फिनिशिंग शेवटी चकाकी आणतं. आधी सौम्य लावून बघा, नाहीच जमलं तर कडक घ्या, असं सगळेच सांगतात. भित्र्या लोकांसाठी ठीक आहे.
भरपूर व्हिडिओ पाहिले. प्रत्येकाच्या सुरुवातीला नुसतं पाल्हाळ. आधी तुमच्या गाडीचा रंग कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा, वगैरे. तेवढं सोडून थेट मुद्द्यावर येतो. वेळ वाचतो.

६ मार्च
दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, गाडीचं फिनिश कोणतं? मी म्हणालो, ते माझ्यावर सोडा, तुम्ही माल दाखवा. त्याने लगेच मला साहेब म्हणायला सुरुवात केली. बाटल्या, तीन रंगांचे फोम पॅड, गरगर फिरणारं मशीन, सगळं घेतलं. तो म्हणाला, साहेब, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज येत नाही. गुणग्राहक माणूस.
पिशव्या पाहून हिने विचारलं, हे काय आणलंत. मी म्हणालो, फरशीसाठी. तिने एकदा फरशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. फरशीकडे जास्त प्रेमाने पाहिलं.

७ मार्च
आधी आपल्या गाडीवर प्रयोग. शास्त्र म्हणजे शास्त्र.
बॉनेटवरचा जुना ओरखडा निवडला. सौम्य कंपाउंडने हलला नाही. चांगलं अर्धं मिनिट वाट पाहिली. मग सरळ कडक घेतलं. ओरखडा गेला! पाठोपाठ रंगही गेला. कडेला तळहाताएवढा पांढरा डाग. खालचा अस्तराचा थर म्हणे.
निष्कर्ष: आपल्या गाडीचा रंग मुळातच कच्चा. नव्या गाडीचा पक्का असणार. प्रयोग यशस्वी.
डाग झाकायला स्टिकर शोधलं. घरात एकच निघालं, ‘गाडीत बाळ आहे’. बाळ हॉस्टेलवर राहून इंजिनिअर होतंय. तरी लावलं.

८ मार्च, शनिवार
ही गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे द्यायला बाहेर गेली. मी खाली. चावी माझ्याकडे नाही, पण पॉलिश बाहेरूनच करायचं असतं! हे मेहुणेबुवांच्या लक्षात आलं नसावं. व्यापारी असला तरी शेवटी माणूसच.
पेट्रोलच्या झाकणावर मीडियम लावलं. मशीन फिरवलं. पुसलं. आणि झाकण चमकलं! त्यात माझा चेहरा दिसला. डोळ्यांत पाणी आलं. थोडं कंपाउंडही गेलं होतं.
आता एवढं झाकण चमकतंय आणि बाकी गाडी सुतकात. काम अर्धवट टाकणं माझ्या स्वभावात नाही. (बागेतलं कुंपण, माळ्यावरचं कपाट आणि गिटार, ही कामं अर्धवट नाहीत. थांबलेली आहेत.)

९ मार्च, सकाळी
मागचं दार घेतलं. हाताला लय सापडली आहे. स्टुडिओच्या पाटीसाठी नावं सुचताहेत.

९ मार्च, दुपारी
दारावर ढग आल्यासारखं दिसतंय. कुठे लख्ख, कुठे राख. कंपाउंड चुकलं. कडक घ्यायला हवं होतं.

९ मार्च, संध्याकाळी
कडक घेतलं. लख्ख होतं ते आणखी लख्ख झालं. राख होती ती राखच आहे. प्रगती आहे, पण एका बाजूने.

११ मार्च
जेवताना मेहुणेबुवांचा फोन. हिने स्पीकरवर टाकला. त्यांनी तब्येतीच्या आधी गाडीची चौकशी केली. मग स्वतःच सांगत सुटले. म्हणे तो रंग मॅट आहे, मुद्दाम बिनचमकेचा. कंपनीकडून खास मागवलेला, पाच महिने वाट पाहून, जादा पैसे मोजून. चकचकीत गाड्या काय, गल्लोगल्ली पडल्यात. फक्त त्याला पॉलिश लागता कामा नये. जिथे लागेल तिथे चमकतं आणि ती चमक मरेपर्यंत जात नाही. सगळं दार नव्याने रंगवावं लागतं. म्हणून तर फडकंसुद्धा नको म्हणालो.
ही हो दादा, हो दादा म्हणत होती.
चमक नसण्याचे जादा पैसे! जग कुठे चाललंय? आणि ही माहिती चावीबरोबर द्यायला काय झालं होतं? मग आठवलं, चावी मला दिलीच नव्हती. म्हणजे चूक त्यांचीच.

१२ मार्च
ऑफिसला रजा. कारण लिहिलं, कौटुंबिक.
नवा संकल्प: चमक घालवणे. दुकानात जाऊन चमक घालवणारं कंपाउंड मागितलं. दुकानदार आज साहेब म्हणाला नाही.
घरी येऊन भांड्यांची घासणी घेतली. चमक गेली, ओरखडे आले. ओरखड्यांवर कंपाउंड लावलं. ओरखडे गेले, चमक आली. पुन्हा घासणी. पुन्हा कंपाउंड. दुपारभर हेच. एक गोष्ट मात्र सिद्ध झाली, की दोन्ही वस्तू आपापलं काम चोख करतात.

१३ मार्च
टाल्कम पावडर! दारावर हलक्या हाताने फासली. लांबून हुबेहूब. जवळून वास येतो. मेहुणेबुवांना लांबच उभं करायचं.
कव्हर घालत होतो, तेवढ्यात ही खाली आली. दारावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. मग म्हणाली, ज्याने सुती कापड मागितलंय त्याला रेशीम कशाला नेसवताय? आणि तेही फाटकं? मी तांत्रिक बाजू समजावू लागलो. ती जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, वर्षभर धीर गोळा करून दादाला गाळ्याचं एकदा विचारलं होतं. आता कोणत्या तोंडाने विचारू? मी म्हणालो, पण गाळा तर मला... तिने वर पाहिलं.
मला वाईट वाटलं. अगदी मनापासून. जेवायची वेळ होईपर्यंत टिकलं.

१५ मार्च, शनिवार
मेहुणेबुवा आले. मी त्यांना लांब उभं केलं. ते जवळ आले. कव्हर त्यांनीच ओढलं. पावडरचा लोट उठला आणि त्यांना शिंकांवर शिंका आल्या. शिंका थांबल्यावर दार दिसलं.
मी हवामानापासून सुरुवात केली. हवामान संपवून शोरूमवर येणार, तोच ही पुढे झाली. म्हणाली, दादा, गाडी तू माझ्यावर सोपवली होतीस, लक्ष मी ठेवायला हवं होतं, चूक माझी. आणि रडली. मेहुणेबुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, वेडी आहेस का? मला काय माहीत नाही का कुणाचे हात आहेत ते?
एवढी मेहनत मी केली आणि माया हिच्या वाट्याला. मी हे बोलून दाखवणार होतो. का कोण जाणे, जीभ उचलली नाही.
मग मला म्हणाले, भाऊजी, तुमच्या गाडीची चावी द्या. त्यांची गाडी रंगवून येईपर्यंत ते माझी वापरणार. दिली. बॉनेटवरचं स्टिकर वाचून त्यांनी विचारलं, बाळ कोण? ही म्हणाली, हे काय, समोर उभं आहे.

१७ मार्च
ऑफिसला बसने. उभ्याने. बसच्या रंगाची अवस्था वाईट आहे. मीडियमने जमेल.

३० मार्च, रविवार
गाळा उघडला. शिवणक्लास. पाटी हिच्या नावाची. मेहुणेबुवांनी चावी बहिणीच्या हातात दिली. या वेळी मी हात खिशातच ठेवला होता.
दर्शनी काच पुसायचं काम माझ्याकडे आलं. शेवटी अनुभवाला किंमत असते. मी फिनिशिंगची बाटली घेऊन गेलो होतो, सगळ्यात सौम्य. हिने ती हातातून काढून घेतली, ओलं फडकं दिलं आणि म्हणाली, नुसतं पाणी. मेहुणेबुवा खुर्ची ओढून समोर बसले. पूर्ण होईपर्यंत उठले नाहीत.
काच पुसली. चेहरा लख्ख दिसला. काचेमागे ही दिसत होती, नव्या शिलाई मशीनवर हात ठेवून, हसत. इतकी हसताना तिला मी कधी पाहिलं होतं, आठवेना.
तिने आतून बोट दाखवलं. कोपरा राहिला होता. पुसला.