मोकळ्या हाताने कोणी जायचं नाही

सोनिवली, बदलापूर

प्रिय रिद्धी,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले आहे. माझा राग अजून निवलेला नाही, हे आधीच सांगते. थोडा तुझ्यावर आहे, आईंवर जास्त आहे, आणि तुमच्या घरात सून म्हणून आले त्याबद्दल स्वतःवर सगळ्यात जास्त. सोनिवलीहून उल्हासनगरला तुझ्या कॅम्प पाचला रिक्षा बदलत गेलं तरी तासभर लागत नाही. तेवढं अंतर तुला दोन वर्षांत कापता आलेलं नाही, आणि तुझ्या आईलाही नाही. मधल्या मध्ये मी आणि तुझा दादा.

तर ऐक. आमच्या शाळेतल्या शशिकांत सरांच्या आणि माझ्या डोक्यात पावसाळ्यापासून एक खूळ होतं. गोव्याला गेलेला माणूस काजू आणतो, कोल्हापूरहून चपला आणतो, मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला आलेल्या माणसाने आठवण म्हणून काय न्यावं? आम्ही दोघं चित्रकलेचे शिक्षक, आम्हाला वाटलं याचंच प्रदर्शन भरवू. उल्हासनगरच्या जीन्सच्या उरलेल्या तुकड्यांच्या चिल्लर ठेवायच्या पिशव्या शिवल्या. कॅम्प चारातल्या सुताराकडून बोटभर उंचीचे सोफे करून घेतले. काडेपेट्यांवर अंबरनाथचं देऊळ छापलं, बदलापूरची म्हणून मातीची जांभळं करून रंगवली. बदलापूरसाठी अजून काहीतरी हवं होतं, तेव्हा आईंनी आपल्या शेतातल्या भाताच्या लोंब्या आणून तोरणं विणायला घेतली. मी कौतुक केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी अंबरनाथच्या हॉलमध्ये उद्घाटन होतं. मुंबईच्या कॉलेजातले एक प्राध्यापक यायचे होते, त्यांना आणायला मी आणि सर स्टेशनवर गेलो. टेबलाशी आईंना बसवलं. काम एवढंच होतं, लोकांनी वस्तूंना हात लावू नये यावर लक्ष ठेवायचं. टेबलावर तशी पाटीही होती, सुंदर अक्षरात, मीच काढलेली.

परत आलो तर दारात रांग. मला वाटलं, वा, काय प्रतिसाद आहे. आत जाऊन बघते तर आई बायकांना कुंकू लावतायत, पुरुषांना नमस्कार करतायत, आणि प्रत्येकाच्या हातात टेबलावरची एकेक वस्तू ठेवतायत. पोरांना मातीची जांभळं. महिनोन्‌महिन्यांची मेहनत तासाभरात वाटून झाली होती. नुसत्या चिठ्ठ्या राहिल्या होत्या, 'आठवण: लाकडी सोफा' वगैरे, आणि चिठ्ठीपुढे मोकळं टेबल. मी विचारलं, आई, हे काय केलंत? तर मलाच वर तोंड करून म्हणाल्या, "पावना आला तं त्याला मोकल्या हातानी कसा परत धारू गो?" प्राध्यापक मागेच उभे होते. त्यांना द्यायला काही उरलं नव्हतं, म्हणून आईंनी माझी 'कृपया हात लावू नये' ही पाटी उचलून त्यांच्या हातात दिली. ते ती घेऊन गेले. शशिकांत सर माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

पण खरी गोष्ट ती नाही. त्या रांगेत शेवटचं तोरण कोणाच्या हातात पडलं सांगू? तुझ्या सासूबाई होत्या. तुझ्या आणि प्रीतमच्या रजिस्टर लग्नाला मी आणि तुझा दादा आलो होतो म्हणून मी ओळखलं. आईंनी त्यांना कधी पाहिलेलंच नाही. सासूबाई मात्र आईंना ओळखून होत्या, हे मी पैजेवर सांगते, तुझ्या फोनमधले फोटो त्यांनी बघितले असणारच. त्यांनी विचारलं, "कितने का है, बहनजी?" आई म्हणाल्या, "पैसे कसले बाय? दाराला लाव, बरकत येल." आणि चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. ते तोरण आता कोणाच्या दाराला आहे ते तुला माहीत असेल. कोणी विणलंय, तेही आता कळलं.

रविवारी आम्ही हॉल आवरत होतो, तिथे सासूबाई पुन्हा आल्या. स्टीलचा डबा आईंपुढे ठेवला, "घर के पापड है" एवढं म्हणाल्या आणि गेल्या. मी डबा पिशवीत घातला. घरी आल्यावर आईंनी पापड काढले, डबा घासला, पुसायला घेतला आणि तशाच थांबल्या. डब्याच्या काठावर नाव कोरलेलं होतं, रिद्धी प्रीतम. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी पापड तळले, खाल्ले आणि म्हणाल्या, मीठ बरोबर आहे.

आणि तेव्हापासून माझा छळ चालू आहे. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे तर ठरलेलंच. रोज पहाटे तांदळाचे वडे, सुकटाची चटणी, डबा गच्च. मी म्हटलं, स्कूटीवरून देऊन येते. तर नाही. "ज्याचा नाव डब्यावं, त्यानी येवन नेवा." संध्याकाळी तो डबा आम्ही खातो, आई घासतात आणि पहाटे पुन्हा भरतात. तुला वडे आवडतात गं, मला नाही आवडत. तुझ्या दादाच्या पँटी घट्ट झाल्या आहेत. एक भरून ठेवते आणि बोलावत नाही, दुसरी घर सोडते आणि वळून बघत नाही. खाण तशी माती. तू निघालीस तेव्हा त्यांनी तुझ्यासाठी साठवलेली भांडी माळ्यावरून खाली काढली होती. तू म्हणालीस, तुमच्या घरातलं मला काही नको. त्या म्हणाल्या, त्या पोराचं नाव या घरात काढायचं नाही. भांडी परत माळ्यावर गेली, आणि त्या दिवसापासून आईंनी दारातून पोस्टमनलासुद्धा मोकळ्या हाताने जाऊ दिलेलं नाही. मला ते इतके दिवस खूळ वाटायचं.

तू विचारशील, वहिनीला आजच पत्र लिहायचं कसं सुचलं. आज सकाळी आई गोणी घेऊन रिक्षात बसल्या आणि मला बरोबर चल म्हणाल्या. बाजारात भांडीवाल्याकडे गेलो. गोणीतून तुझी सगळी भांडी निघाली, हंडी, परात, ताटं, सगळी. नाव घालायचंय म्हणाल्या. त्याने मशीन हातात घेऊन विचारलं, काय घालू? मी सांगणार होते, तर मला हाताने थांबवलं आणि स्वतः म्हणाल्या, रिद्धी प्रीतम. प्रीतमचं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. परातीवर, हंडीवर, प्रत्येक ताटावर त्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितलं, तो म्हणाला आजी, कळलं, तरी सांगितलं. आता सगळं ओटीवर मांडून ठेवलंय, घरात शिरताना पाय ठेवायला जागा नाही. वडेही झालेत. जावयाला घेऊन ये, आणि तुझं सामान घेऊन जा बाई एकदाचं.

वड्यांना विटलेली, पण तुझीच,
नेत्रावहिनी