लाल ठिपक्यांचा राउटर

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. खिशात फोन असताना हा माणूस कागद कशाला खरडतोय असं तुला वाटणार, पण जरा दम धर. आधी बातमी सांगतो. मी पास झालो! एक्कावन्नाव्या वर्षी, चष्मा पुसत पुसत, माझ्या पोराच्या वयाच्या मुलांमध्ये बसून पास झालो. निकाल पडद्यावर आला तेव्हा मी शेजारच्या अनोळखी मुलीशी हात मिळवला, आणि ती बिचारी नापास झालेली निघाली. तुझा दादा तसाच आहे, वेंधळ्याचा वेंधळा.

तुला माहीतच आहे, हॉस्पिटलमधलं टेलिफोन एक्स्चेंज पुढच्या महिन्यात बंद होतंय. अठ्ठावीस वर्षं मी त्या खोलीत बसलो. कुठल्या वॉर्डाची तार कुठल्या पट्टीवर येते हे मला झोपेतही सांगता यायचं. आता सगळे फोन कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर जाणार. साहेबांनी चार महिन्यांपूर्वी तोंडावर सांगितलं, की नेटवर्किंगची परीक्षा पास झालात तर नव्या विभागात या, नाहीतर घरी बसा. आपल्या घरात हे काम येतं ते फक्त तुला. आणि तरीसुद्धा तुला फोन करायला मी आठ दिवस लावले. का लावले, ते पुढे येईलच.

तू हसशील असं वाटलं होतं. हसायचा तुला हक्कही होता. पण तू विचारलंस काय, तर सरावाचं टेबल कुठे ठेवणार, जवळ प्लग किती आहेत आणि खोलीत वारा खेळतो का. मी ऐटीत म्हणालो, नेटवर्क जोडायचे नवेकोरे राउटर आणतो, एकदाच काय ते. त्यावर तू मला असं काही झापलंस, की फोन कानापासून लांब धरावा लागला. नव्याला हात लावायला माणूस घाबरतो, जुना बिनधास्त बिघडवता येतो, असं तुझं म्हणणं. पण फार जुना घेतलास तर परीक्षेतल्या निम्म्या कमांड त्याला कळणारच नाहीत, आणि फार नवा घेतलास तर पावलोपावली परवाना मागत बसेल. मधल्या वयाचे दोन राउटर आणि त्यांना जोडणारा एक स्विच घे, मेमरी किती आहे ते आधी विचार, आणि कॉम्प्युटरला जोडायची निळी चपटी केबल सोबत मिळाल्याशिवाय दुकानातून हलू नकोस. एवढं सगळं मी विजेच्या बिलाच्या मागे लिहून घेतलं, अजून जपून ठेवलंय.

आणि मग शहाणपणा केलाच. जुन्या मालाच्या दुकानात एक धिप्पाड डबा दिसला, समोर दिव्यांची रांगच रांग. बिलावर लिहिलेलं सगळं विसरून मी तो उचलून आणला आणि रुबाबात तुला फोटो पाठवला. तुझा निरोप आला, दादा, याची मेमरी एवढी कमी आहे की याच्यात काही मावणार नाही, दाराला अडसर म्हणून लाव. दुकानदार काही तो परत घेईना. आता तो खरंच बाल्कनीच्या दाराला आहे, आणि आई त्याच्यावर पाय ठेवून पेपर वाचते. दुसऱ्या खेपेला मात्र यादी हातात धरूनच गेलो आणि तू सांगितलेली तिन्ही यंत्रं घेऊन आलो.

पंखे काय आवाज करतात गं! तुझी वहिनी म्हणाली, घरात गिरणी काढलीत. आईला कमी ऐकू येतं म्हणून तिची झोप वाचली. पहिल्याच दिवशी मी निळी केबल भलत्याच भोकात घातली आणि दोन तास डबा मेला, डबा मेला म्हणून डोकं धरून बसलो. जन्म तारा जोडण्यात गेलेला माणूस मी! तू फोनवर फक्त म्हणालीस, की सगळ्यांची पहिली केबल तिथेच जाते. दुसऱ्यांदा मी घाबरलो ते दोन राउटर एकमेकांना जोडून एकाकडून दुसऱ्याला हाक मारली, म्हणजे पिंग केलं, तेव्हा. पाच हाका जायच्या असतात. पहिल्याच हाकेला उत्तर नाही, पडद्यावर नुसता एक ठिपका, मग चार उत्तरं आली. माझं काहीतरी चुकलं असं मला वाटलं. तू सांगितलंस, की बरोबर आहे सगळं, नवी ओळख असली की पहिली हाक वायाच जाते, तेवढ्या वेळात ते एकमेकांचा पत्ता शोधत असतात. चार महिने दर रविवारी सकाळी तू स्वतःचं घर, मुलं सोडून माझ्यासोबत फोनवर बसलीस. एकदाही वैतागली नाहीस. मी तुला सायकल शिकवताना किती ओरडायचो, आठवतंय ना?

मग तिसऱ्या महिन्यात तुझं पार्सल आलं. आत आणखी एक राउटर, आणि चिठ्ठी, की हा माझ्याकडून, जुना आहे पण चालतो. तुझ्या वहिनीने तो उलटा केला आणि मागची बाजू माझ्यासमोर धरली. निळी केबल जिथे लावायची त्या भोकाशेजारी दोन लाल ठिपके होते, नेलपॉलिशचे. केबल चुकू नये म्हणून तू बारा वर्षांपूर्वी तिची नवीकोरी बाटली न विचारता उघडली होतीस, आणि त्यावरून घरात केवढं महाभारत झालं होतं. तिने रंग लगेच ओळखला. मी डबाच ओळखला.

मी तो चालू केला. पडद्यावर ओळी सरकत गेल्या, आणि शेवटी नाव आलं. इंग्रजी अक्षरांत, दादा. मला आठवलं, तुझ्या खाटेखाली पाच राउटर होते आणि प्रत्येकाला तू घरातल्या माणसाचं नाव दिलं होतंस. माझं नाव सगळ्यात जास्त आवाज करणाऱ्याला, असं तू सगळ्यांदेखत सांगायचीस. पुस्तकात पहिलाच धडा आहे, की जुनं यंत्र हाती आलं की आधीचं सगळं पुसून टाका. बाकीच्या यंत्रांचं मी पुसलं होतं. याच्यापुढे मात्र हात चालेना.

मी आईजवळ जाऊन बसलो आणि मोठ्याने विचारलं, हा तर तेव्हा भंगारात गेला होता, भिंगरीकडे कसा? ती म्हणाली, त्यात काय, ती मैत्रिणीकडून आली त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेली होती, चार तुटले होते, एक मिळाला, पिशवीत कपड्यांखाली घालून घेऊन आली. मी तिला तेव्हाच सांगितलं होतं, मी काही दिले नाहीत म्हणून. असं म्हणून आईने पेपर परत डोळ्यांसमोर धरला.

म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं. तेव्हा तुझी हीच परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, तू चार दिवस मैत्रिणीकडे गेली होतीस, आणि परत आल्यावर मी तुझ्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, की आईने चुकून भंगारात दिले. आईने दिले नव्हते. मी दिले. बाबांचं ऑपरेशन झालंय, त्यांना झोप हवी, हे निमित्त होतं. बाबा तर तुला म्हणायचे, चालू दे, त्या आवाजात मला बरं वाटतं. खरं सांगू? मला सहन होत नव्हतं. स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा ते मी तुला शिकवलं, आणि तू असं काही बोलायला लागली होतीस जे माझ्या डोक्यावरून जात होतं. मी जळलो, भिंगरी. सख्ख्या धाकट्या बहिणीवर जळलो. तुझी ती परीक्षा गेली, तुझं अख्खं वर्ष गेलं, आणि तू त्यानंतरही दर वर्षी माझ्या वाढदिवसाला पहिला फोन करत राहिलीस.

आणि मी अडलो तेव्हा, जे मी तुझ्याकडून हिसकावलं तेच तू निवडून, बांधून, ठिपक्यांसकट माझ्या टेबलावर आणून ठेवलंस. माझी नोकरी तुझ्यामुळे राहिली. या घरात चूल पेटते ती आता तुझ्यामुळे, हे मी पोरांनाही सांगितलंय, तेव्हा मी तुझ्याशी काय केलं तेसुद्धा सांगितलंय. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिने.

गेल्या रविवारी निकाल सांगायला मी तुला फोन लावला होता. तू हं, बोल म्हणालीस, आणि मी हवापाण्याचं बोलत बसलो. निकालसुद्धा राहिला, फोन ठेवून दिला. ती पहिली हाक, गेली वाया. म्हणून हे पत्र. मी तुझे राउटर विकले आणि आईचं नाव पुढे केलं. माझं चुकलं. मला माफ कर. तुझा तो डबा अजून तसाच आहे, नाव पुसलेलं नाही. त्याच्या शेजारच्या राउटरला मी भिंगरी म्हणतो आणि दोघांमध्ये केबल जोडून ठेवली आहे. तुझं उत्तर नाही आलं तरी मी रागावणार नाही, परत हाक मारीन, आणि त्यानंतरही मारीन.

सगळ्यात जास्त आवाज करणारा,
तुझाच
दादा