रुफीनाचं दार

३ मे १९१२, दैर सुवैद

अखेर पोचलो! बुसऱ्यापासून खेचरावर हाडं खिळखिळी झाली, पण गाव पाहून शीण पळाला. जिकडेतिकडे जुने कोरीव दगड: उंबऱ्यावर ग्रीक, गोठ्यात लॅटिन. पाद्री असून मी दगड वाचायला आलोय, हे घरमालकीण उम्म सल्लूमला पटेना. "माणसांची पापं ऐकून कंटाळलात होय, अबूना?" म्हणाली (इथे पाद्र्याला अबूनाच म्हणतात), आणि दही, जैतुनं, गरम भाकरी पुढे ठेवली. माझी खोली अंगणात. दार अख्ख्या काळ्या दगडाचं, तरी बोटाने ढकललं की फिरतं. वर एक झरोका. झकास!

६ मे

दारावर, बाहेरच्या बाजूला, चुन्याखाली ग्रीक अक्षरं निघाली. हे थडग्याचं दार. कुणीतरी आणून इथे बसवलंय. सवयीने मोठ्याने वाचलं: 'वाटसरू, थांब. एकटीला भय वाटतं. जो माझं नाव उच्चारील त्याने दुसरा येईपर्यंत माझ्याजवळ बसावं. शिपायाची बायको, रुफीना.' बिचारी! बैरूतला यवाकीमला लगेच कळवलं. आम्ही दोघं एकाच गुरूकडे ग्रीक शिकलो. मजकूर मात्र लिहिला नाही. येऊन स्वतःच वाच म्हटलं.

९ मे

बुसऱ्याला निघालो होतो. वेशीपाशी खेचर पुढे गेलं आणि माझे पाय मागे वळले. पुन्हा निघालो, पुन्हा वळले. उम्म सल्लूम हसली, माझ्या भाकरीची चटक लागली म्हणाली. मीही हसलो. खोलीत येऊन कितीतरी वेळ उभाच राहिलो. बसावंसं वाटेना.

१० मे

दुपारी डोळा लागला. उठतो तो दार बंद. खांदा लावला, लाथा मारल्या, हाका मारल्या. बाहेर उम्म सल्लूम कोंबड्यांना दाणे टाकत शेजारणीला सांगत होती, "गेले गं अबूना! एवढं खाऊ घातलं, पण निघताना एक शब्द नाही." मी घसा फोडून ओरडत होतो. तिला काहीच ऐकू गेलं नाही.

मे — तारीख कळत नाही

भूक लागत नाही. चटईच्या दुसऱ्या अर्ध्यात गारवा. पाठीला पाठ लावून कुणीतरी — श्वास नाही, नुसता गारवा. प्रार्थना म्हणतो, मधेच शब्द हरवतात, तिचं नाव तेवढं —

झरोक्यात ऊन आहे

यवाकीम! अंगणात यवाकीमचा आवाज! इस्कंदर असा न सांगता जाणार नाही, असं माझ्याबद्दल म्हणतोय. उम्म सल्लूम म्हणते, कुठेतरी याहून जुना दगड दिसला असेल त्यांना. तो हसला. दारापुढे बसला.

वाचतोय. 'वाटसरू, थांब' —

दार सैल झालं. फटीतून ऊन माझ्या पायावर —

मी खोकलो. तो थबकला. "कोण?" म्हणाला.

ऐकू जातंय! एक हाक पुरे, तो नाव न उच्चारता उठेल. त्याची आई आंधळी आहे, त्याच्याशिवाय तिला कुणी नाही. मला ठाऊक आहे.

गप्प राहिलो. तो पुढे वाचतोय. शेवटची ओळ. नावावरची माती झटकतोय — फट वाढली — अंगण दिसतंय —

तोंडावर हात आहे. तिचा नाही. माझाच. काढतो. आता काढ—